मागे झोपून पाहिल्याशिवाय

गादी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बहुधा ती हाताने दाबून बघतं. तळवा टेकवतं, एखादी बुक्की मारतं आणि "छान आहे हो" म्हणून मोकळं होतं. वहिनींना हे मुळीच खपायचं नाही. "हातावर झोपणार आहात का?" असं विचारून त्या आलेल्या माणसाला चपला काढायला लावत आणि सरळ गादीवर आडवं करत. मग कुशीवर वळा, आता पाठीवर या, गुडघे जवळ घ्या, असं सगळं साग्रसंगीत. एकदा एक भारदस्त वकील असे आडवे झाले ते घोरायलाच लागले. वहिनींनी त्यांना उठवलं नाही. दुकानातल्या बाकीच्या बायका कुजबुजत अभ्रे निवडत राहिल्या, आणि वकीलसाहेब जागे झाल्यावर तीच गादी घेऊन गेले.

वहिनी म्हणजे सगळ्यांच्याच वहिनी. खरा दीर एकच, पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून गल्लीने तेच नाव उचललं. गळ्यात मोजायची टेप, ओठांत एखादी टाचणी, आणि टाचणी ओठांत असतानाही स्पष्ट बोलायची हातोटी. गाद्या, उशा, गाड्यांच्या सीटची कव्हरं, सगळं त्या स्वतः बेतायच्या आणि शिवायच्या.

दुकान उताराच्या पायथ्याशी होतं आणि घर पार वर, बंद पडलेल्या दगडखाणीच्या पलीकडे. मधल्या रस्त्याला रस्ता म्हणायचं ते आपलं मन मोठं करून. खाण चालू होती तेव्हा ट्रकांनी त्याची चाळण केली, आणि खाण बंद झाल्यावर कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिथे टिकाव धरणारी गाडी एकच, वहिनींच्या यजमानांची जुनी जीप, चारही चाकांना जोर असलेली. यजमानांना सगळे दादा म्हणत. वर घरं बांधणाऱ्यांना दगड आणि सिमेंट पोचवायचं काम त्यांचं. तेच करताना एके दिवशी गोणी उचलली ती खाली ठेवताच येईना. मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि इस्पितळातून सुटल्यावर दादांचा मुक्काम पडला दुकानामागच्या खोलीत.

खोलीत काही कमी नव्हतं. दुकानातली सगळ्यात चांगली गादी त्यांच्याखाली होती. पण खिडकीतून दिसायची ती शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी, आणि दिवसभर कानावर यायची ती शिलाई मशीनची घरघर. हळूहळू दादांनी भिंतीकडे तोंड केलं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी "पाय उचला काका" म्हणायची आणि काका पाय उचलायचे तेही तिच्यावर उपकार केल्यासारखे. "घरी गेलो की करीन," एवढंच बोलायचे. ताट अर्धं परत यायचं. वहिनी ते बघत होत्या आणि त्यांच्या जिवाला घोर लागला होता. माणूस ऑपरेशनमधून वाचला, तो या खोलीत झिजून जाणार की काय?

त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "घरी न्यायला माझी हरकत नाही. पण त्या रस्त्याने? त्या जीपमधून? आडवं झोपवून, पट्टे बांधून नेलंत तरी एक सणसणीत दणका बसला की मी केलेलं सगळं पाण्यात. गाडीचं काही करता येत असेल तर बघा. नाहीतर हाडं पक्की जुळेपर्यंत खालीच ठेवा. पावसाळा तरी उलटेल."

धाकट्या दिराने यावर तोड काढली. खाट घ्यावी, चौघांनी चार पाय धरावेत आणि चढून जावं.

भिंतीकडे तोंड केलेल्या दादांनी बऱ्याच दिवसांनी आपण होऊन तोंड उघडलं. "चौघांच्या खांद्यावरून जायला मला अजून वेळ आहे."

म्हणजे जीपच. आणि जीपमध्ये बदलायचे ते शॉकॲब्सॉर्बर, ज्यांना गॅरेजात सगळे शॉकअप म्हणतात.

मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, खाली माणूसभर खोल खड्डा आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. मिस्त्री खड्ड्यातून दिवा धरून बोलावू लागले, "या ताई, दर्शन घ्या." वहिनी खाली उतरल्या. मागचे दोन्ही शॉकअप केव्हाच गेले होते. तेल गळून त्यावर धुळीचा लगदा चढला होता.

"दणका झेलतात ते हे पाटे," मिस्त्रींनी लोखंडी कमानीसारख्या एकावर एक रचलेल्या पट्ट्यांवर हात ठेवला. "आणि पाट्यांना आवरतो तो शॉकअप. तो नसला तर एका खड्ड्याच्या बदल्यात गाडी चार उड्या मारणार. आता कुठला बसवायचा, ते तुम्ही गाडीत काय नेणार त्यावर."

"माणूस नेणार."

"किती?"

"एकच. आडवा."

मिस्त्री दिवा तसाच धरून विचारात पडले. इतक्या वर्षांत कुणी असं माप दिलं नव्हतं.

तेवढ्यात दीर आलाच. त्याला बाहेर सगळे तुफान म्हणत, कारण चिखलातल्या आणि दगडांतल्या गाड्यांच्या शर्यतींत तो भाग घ्यायचा आणि दर वेळी गाडीचा काही ना काही भाग तिथे ठेवून यायचा. त्याच्या काखेत पिवळेधमक, मनगटाहून जाड शॉकअप होते. "वहिनी, डोळे झाकून हे बसवा. आमच्यातले सगळे हेच वापरतात. गाडी रस्त्याला चिकटून राहते!"

ते बसवले. खाणीच्या फाटकापर्यंत तुफानने जीप नेली आणि वळवून आणली. उतरला तो हसतच. "लोणी! एका हाताने चालवली."

"मी मागे झोपते," वहिनी म्हणाल्या. "परत एकदा चला."

"तुम्ही? मागे?"

"हातावर का झोपायचंय तुमच्या भावाला?"

मागची बाकडी काढून त्यांनी तिथे फोमची जाड गादी आधीच बेतून बसवली होती. पदर खोचून त्या आडव्या झाल्या. जीप चढाला लागली, आणि पहिल्याच खड्ड्यात त्यांचे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्याला डोकं गादीवरून उचललं जाऊन परत आदळलं. पुढे तुफान शीळ घालत होता. परत आल्यावर त्या उतरल्या, केस सारखे केले आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, आता तुम्ही झोपा. मिस्त्री चालवतील."

तुफान हसत हसत झोपला आणि कण्हत उठला. "अहो, पुढे तर काहीच कळत नव्हतं!"

"पुढे तुमच्या हातात चाक असतं. खड्डा येणार हे तुम्हाला दिसतं, अंग आपोआप सावरतं. मागे झोपलेल्याला दिसतं ते छप्पर."

मिस्त्री मान डोलवत राहिले. मग त्यांनीच खड्ड्यात उतरून पुन्हा दिवा फिरवला आणि म्हणाले, "ताई, सगळा दोष शॉकअपचा नाही. हे बघा. कारखान्यातून येतात त्याहून एक पाटा जास्त आहे इथे, दोन्ही बाजूंना. दगडाचं ओझं पेलायला दादांनी घातलाय. गाडी भरलेली असली तर ठीक. रिकामी असली तर हे पाटे वाकतच नाहीत. लाकडी गाड्यासारखं झालंय."

आता ही गोष्ट दादांना सांगायची होती.

वहिनींनी ताट वाढलं, समोर बसल्या आणि एका दमात सांगून टाकलं. दादांनी मान वळवली. "पाटा काढायचा नाही."

"का?"

"मी घातलाय म्हणून. भर उन्हात रस्त्यावर पडून घातलाय. त्या पाट्यामुळे कधी गाडी बसली नाही. तो मिस्त्री काल आला, त्याला काय कळतंय?"

"मिस्त्रींचे केस पांढरे झालेत."

"जीप माझी आहे."

"पाठही तुमचीच आहे," वहिनी म्हणाल्या.

दादांनी भाकरीचा तुकडा मोडला, हातातच धरून ठेवला. वहिनींना वाटलं, आता हे पुन्हा भिंतीकडे वळणार. आपण जरा जास्तच बोललो का? पण दादा छताकडे बघत म्हणाले, "काढणार असाल तर त्याला सांग, मधला बोल्ट सोडायच्या आधी पाटे शिकंज्यात आवळून धर म्हणावं. नाहीतर उसळून तोंडावर येतील. डावीकडचा बोल्ट गंजलाय, त्याला आदल्या दिवशी तेल पाज." आणि मग तो तुकडा त्यांनी तोंडात टाकला.

जास्तीचे पाटे निघाले. नवीन शॉकअप निवडायची पाळी आली, आणि इथे वहिनी चुकल्या. चुकल्या त्या आपल्या धंद्यामुळेच. कडक शॉकअपने हाडं खिळखिळी केली होती, तेव्हा मऊ हवेत, हा त्यांचा हिशोब. मिस्त्रींकडे गुळगुळीत रस्त्यावर चालणाऱ्या मोठ्या मोटारीचे जवळपास नवे शॉकअप पडले होते. हाताने दाबले की लोण्यात बोट जावं तसे आत जायचे. मिस्त्री म्हणाले, "बघा हं ताई, मला काही खरं वाटत नाही." वहिनी म्हणाल्या, "लावा हो, बघू तर."

पहिले दोन खड्डे त्यांना कळलेही नाहीत. मागे पडल्या पडल्या त्या मनात म्हणाल्या, जमलं! मग गाडी डुलायला लागली. एका खड्ड्यातून निघाली तरी वर-खाली, वर-खाली, होडीत बसल्यासारखी. आणि खाणीच्या अलीकडे, जिथे खडकाचे टप्पे रस्ताभर आडवे आलेत आणि ज्याला लोक पायऱ्या म्हणतात, तिथे खालून धाडकन आवाज आला आणि त्यांच्या कमरेतून कळ मस्तकात गेली. त्या तोंड दाबून तशाच पडून राहिल्या. ही कळ त्यांच्या जागी दादांच्या पाठीत गेली असती तर?

खाली आल्यावर त्या गॅरेजातल्या पिंपावर बसल्या. चेहरा उतरलेला. तुफानने पाणी आणून दिलं आणि या वेळी चेष्टा केली नाही.

"फार मऊ गादीवर पाठ दुखते, हे मीच लोकांना सांगते," त्या म्हणाल्या. "आणि मीच विसरले."

"विसरला नाहीत, घाबरलात," मिस्त्री म्हणाले. "आता बघू या नेमकं आदळतंय कुठे. वर चासीला, गाडीच्या सांगाड्याला, तो रबरी ठोकळा दिसतोय? पाटे फार दबले की ॲक्सल त्याच्यावर आपटतं. मोठ्या कारखान्यांत त्या ठोकळ्याला मातीचा गोळा चिकटवतात आणि गाडी फिरवतात. गोळा किती चेपला त्यावरून कळतं. माझ्याकडे तसली माती नाही."

वहिनी उठल्या. दुकानामागच्या खोलीत गेल्या आणि परातीतला मळलेल्या कणकेचा गोळा उचलून निघाल्या.

"कणीक कुठे निघाली?" दादांनी विचारलं.

"जीपला."

वहिनी परत आल्या तेव्हा दादा उशीला टेकून जरा वर सरकले होते आणि म्हणाले, "काय झालं जीपला, सविस्तर सांग."

त्या सांगायला लागल्या. दोन्ही ठोकळ्यांवरची कणीक चेपून पापडासारखी झाली होती. म्हणजे शॉकअप पाट्यांना आवरतच नव्हता. शिवाय दुसरंही एक होतं. मिस्त्रींनी जॅक लावून जीप उचलली, मागची चाकं अधांतरी लोंबू दिली, आणि वहिनींनी गळ्यातली टेप काढून वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत माप घेतलं. मग जीप जमिनीवर टेकवून पुन्हा घेतलं. मऊ शॉकअप आखूड होता. चाक खोल खड्ड्यात उतरलं की तो पुरता ताणला जायचा आणि हिसका द्यायचा.

"उशीचा अभ्रा उशीएवढाच शिवला तर शिवण उसवते," वहिनी म्हणाल्या. "दोन्हीकडून थोडी ढील ठेवावी लागते."

"मग लांबीत कसा हवा?" दादांनी विचारलं. त्यांनी कोपरावर भार दिला होता. "लोंबत्या मापाहून बोटभर जास्त बघ. आणि दबल्यावर तळाला टेकायला नको. नळीचा घेर जाड असलेला घे, तेल जास्त मावतं, चढावर तापत नाही. आणि तुफानचं काही ऐकू नकोस."

"तुमचं ऐकू?"

"माझं ऐक."

पुढचे दिवस वहिनी टेप घेऊन सुट्या भागांच्या दुकानांतून फिरल्या. एका दुकानदाराने "कुठल्या गाडीला?" विचारलं तर त्या म्हणाल्या, "गाडी राहू द्या, लांबी सांगते, ओझं सांगते." एकाने खोक्यावरची चित्रं दाखवून गाडी उडी मारतेय ते बघा म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "उडी मारायची नाहीये हो, त्याचसाठी आलेय." प्रत्येक शॉकअप त्या जमिनीवर उभा धरून दोन्ही हातांनी दाबायच्या आणि सोडून बघायच्या, वर किती संथ येतो. दाबायला बेताचा आणि परत यायला सावकाश, असा त्यांना हवा होता. शेवटी एका अंधाऱ्या दुकानात, मागच्या फळीवर तसा जोड मिळाला. रंग काळा, दिसायला अगदी साधा. तुफानने बघून नाक मुरडलं. "यावर तर काही लिहिलेलंही नाही!"

"तुमच्यावरही नाही. तरी चालवून घेतोच ना?" वहिनी म्हणाल्या.

ते बसले. ठोकळ्यांना ताजी कणीक लागली. तुफान चाकावर, मिस्त्री शेजारी, वहिनी मागे आडव्या, डोळे मिटून. खड्डे येत होते ते कळत होतं, नाही असं नाही. पण प्रत्येक खड्डा एकदाच यायचा आणि निघून जायचा. पायऱ्या आल्या तेव्हा त्यांनी गादीची कड घट्ट धरली. गाडी एकेक टप्पा सावकाश चढली, खाली दबली, थांबली, परत आली. धाडकन काही झालंच नाही. खाली येऊन मिस्त्री जीपखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "ताई! गोळ्याला नुसता टिळा लागलाय!"

"मागे कसं वाटलं?" तुफानने विचारलं.

"पोटातलं पाणी हललं नाही असं म्हणणार नाही," वहिनी म्हणाल्या. "पण सांडलं नाही."

तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा झोपून पाहिलं. नंतर व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला झोपवून पाहिलं, कारण पाठीतलं तिला जास्त कळतं. ती उठून म्हणाली, "चालेल. हळू चालवलीत तर नक्की चालेल."

हळू, हा शब्द ऐकताच वहिनींनी तुफानकडे पाहिलं आणि किल्ली स्वतःच्या हातात घेतली. त्या फोमचे गठ्ठे घेऊन गावात जीप चालवायच्या, पण खाणीच्या वर कधी नेली नव्हती. वरचा रस्ता दादांचा. दादांना कळल्यावर ते म्हणाले, "ही? ही चालवणार? त्यापेक्षा खाट आणा आणि चौघांना बोलवा."

"भाऊजी मागे तुम्हाला धरून बसतील," वहिनी म्हणाल्या आणि विषय संपवला.

सकाळी ऊन चढायच्या आत निघाले. दादांना पट्ट्यांनी बांधून गादीवर ठेवलं होतं, दोन्ही कुशींना उशा. जीप सुटली आणि दादा सुरू झाले. "दुसरा टाक. अगं दुसरा. इंजिन रडतंय, ऐकू येत नाही का? आता डावीकडे घे, तिथे दगड आहे. घेतलास अंगावर!"

"तुम्हाला झोपवलंय ना? छताकडे बघा."

"छताला भोक पडलंय. हे कधी पडलं?"

"तुम्ही कधी मागे झोपला होतात का?"

तुफान खिडकीबाहेर तोंड करून हसत होता. वहिनींचे हात मात्र चाकावर घामेजले होते. गाडीचं त्यांनी पाहायचं तेवढं पाहिलं होतं. आता बाकी होता तो त्यांचाच पाय, कुठल्या क्षणी किती दाबायचा तो. पायऱ्या आल्या. पहिला टप्पा. दुसरा. मागून येणारा आवाज बंद झाला.

वहिनींनी चढावरच गाडी थांबवली आणि वळून पाहिलं. "दुखतंय का हो?"

दादांचे डोळे मिटलेले होते. "नाही."

"मग बोलत का नाही?"

"ऐकतोय. इथे मागचा पाटा कायम किंचाळायचा. दगड भरलेला असो की नसो." त्यांनी डोळे उघडले. "आता किंचाळत नाही. ... थांबलीस कशाला पण? चढावर थांबतात का? हँडब्रेक ओढ, पाय हळू सोड, नाहीतर मागे सरकशील."

वहिनींनी हँडब्रेक ओढला, पाय हळू सोडला. जीप जराही मागे सरकली नाही.

अंगणात पोचल्यावर मागचं दार उघडून दोघांनी त्यांना कुशीवर वळवलं, मग बसवलं. कमरेचा पट्टा आवळून दादांनी एक पाय जमिनीवर ठेवला, मग दुसरा. चेहरा घामाने ओला, पण कळ आल्याची खूण नव्हती. दाराला धरून ते तसेच उभे राहिले. समोर अख्खा उतार होता, खाण, खाली दुकानाचं एवढंसं छप्पर. ते बघत असताना कुणी घाई केली नाही.

"परत तपासायला कधी बोलावलंय डॉक्टरांनी?" दादांनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात," वहिनी म्हणाल्या.

"मी नेतो, दादा," तुफान म्हणाला. "आता रस्ता कळलाय मला, सांभाळून नेईन."

"तू मागे बस," दादा म्हणाले. "ही चालवेल."

वहिनींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कुलूप उघडून त्या आत गेल्या. इतके दिवस बंद राहून घरात हवा कोंदली होती, आणि दादा आत यायच्या आधी सगळ्या खिडक्या उघडायला हव्या होत्या.